ओल्या फडक्याची पुण्याई

सातारा,
८ जून

प्रिय दोस्ता,

पैज आपण दोघंही हरलो. तेव्हा मिसळीचं बिल निम्मं-निम्मं.

तू छातीठोकपणे म्हणालास, एसी पंप, म्हणजे इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप, मेलाय, पेट्रोल पोचत नाही. मी म्हणालो, पेट्रोल नळीतच उकळून वाफ धरतेय. पसरणी घाटात मे महिन्यात माझ्या जुन्या पद्मिनी गाडीनं दोनदा मान टाकली, दोन्ही वेळा प्रकार तोच. वाई सोडली, चार-पाच वळणं झाली की इंजिन जड, मग गचके, मग शांतता. मिस्त्रींचा उपाय तुला माहीत आहेच. बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, अर्धा तास बसा. अर्ध्या तासानं गाडी खरंच सुरू व्हायची. मग वाफेबद्दल शंका तरी का घ्यायची?

पण प्लग काढले तर चारही काजळीनं माखलेले. उपाशी इंजिनाचे प्लग असे काळे कसे? तिथे डोक्यात किडा वळवळला, आणि ठरवलं की आता अंदाज पुरे, पेट्रोलचा दाबच मोजायचा.

हार्डवेअरवाल्यानं काढून दिलं कॉम्प्रेसरचं गेज, ० ते १०० पीएसआय (दाबाचं माप). अरे, आपल्या कार्बोरेटरला २ ते ४ पीएसआय म्हणजे पोटभर. त्या तबकडीवर काटा हलला की नाही हे भिंगातून बघावं लागलं असतं. म्हणून ० ते १५ चं, ग्लिसरीन भरलेलं ऑनलाइन मागवलं. ग्लिसरीन अशासाठी की या पंपाचा दाब ठोक्याठोक्यानं येतो, आणि कोरड्या गेजचा काटा नुसता नाचतो. फक्त त्याच्या डोक्यावरचं रबरी बूच ब्लेडनं जरा चिरायचं. नाहीतर बॉनेटखाली तापून डबीतच दाब साठतो आणि आकडा खोटा येतो.

पुढची फजिती आट्यांची. गेज एक सुताचं, म्हणजे पाव इंचाच्या निम्म्याचं, आणि दुकानातली पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, पण एक सुताची. दोन फेरे लोण्यासारखे गेले आणि अडकलं. मी पाना लावून रेटलं. गाडी सुरू केली तर आट्यातून टप टप पेट्रोल! चावी बंद करून लांब जाऊन उभा राहिलो. नंतर कळलं, गेज अमेरिकन एनपीटी पद्धतीच्या आट्यांचं, इंचाला २७ आटे. टी आपल्या बाजारातली, ब्रिटिश बीएसपी पद्धतीची, इंचाला २८. एका आट्याचा फरक, पण टी वाया गेली. हायड्रॉलिकचे होज विकणाऱ्याकडे दोन्ही आटे जुळवणारं जोडनिपल मिळालं, दुसरी टी आणली, तेव्हा जमलं.

टी कुठे लावायची ते नीट लक्षात ठेव, कारण तुझ्या हेराल्ड गाडीलाही हेच करावं लागणार. पंपाच्या पुढे, फिल्टरच्याही पुढे, कार्बोरेटरपासून चार बोटांवर. म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडाशी खरोखर काय येतं तेच दिसतं. बॅटरीची निगेटिव्ह काढूनच नळी कापली. आत करंगळी फिरवली तर काजळ घातल्यासारखी काळी झाली. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुन्या रबराची ही गत केलीय. सगळी नळी नवी टाकली. टेफ्लॉन टेप फक्त गेजच्या आट्यांना, तीसुद्धा टोकाचे दोन आटे मोकळे सोडून. नळीच्या निपलला टेप गुंडाळायची तुझी सवय सोड. तिथे क्लिप पुरते. टेपचा एखादा धागा सुटला तर थेट नीडल व्हॉल्व्हवर, म्हणजे कार्बोरेटरात येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर, जाऊन बसतो, आणि मग कार्बोरेटर वाहायला लागतो.

सेल्फ मारला. काटा थरथरत वर गेला तो ६ वर थांबला. ६! तू २ च्या खाली सांगितला होतास.

म्हणजे बाई उपाशी नव्हतीच, तिला अजीर्ण झालं होतं. इतक्या दाबापुढे नीडल व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, फ्लोटची वाटी भरून पेट्रोल इंजिनात उतरतं, आणि चढावर तापलेलं इंजिन गुदमरतं. त्या अर्ध्या तासात व्हायचं ते एवढंच, की जास्तीचं पेट्रोल उडून जायचं. श्रेय घ्यायचं फडकं!

मूळ सापडलं ते दिवाळीत बसवलेल्या नव्या पंपात. पंप आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग बसवणाऱ्यानं एकच, पातळसं घातलं होतं. त्यामुळे पंपाची दांडी जास्त दाबली जायची, डायफ्रॅम, म्हणजे पंपातला लवचीक पडदा, जास्त खाली ओढला जायचा, खालची स्प्रिंग जास्त दबायची, आणि दाब त्या स्प्रिंगचाच तर असतो. मी पॅकिंगचा कागद पंपाच्या तोंडावर धरला, हातोडीच्या गोल डोक्यानं हलके हलके ठोकून कडा उमटवली आणि कात्रीनं दोन पॅकिंग कापली. एक वाढवलं, काटा पाचाखाली. दुसरं वाढवलं, साडेतीन. तिथेच थांबलो.

रविवारी भर दुपारी पाचगणीला दोनदा जाऊन आलो. एकदाही थांबलो नाही, थांबलो ते फक्त भजी खायला.

गेज डॅशबोर्डवर लावायची तुझी आयडिया मला पसंत नाही. पेट्रोलची नळी गुडघ्याशी आणून ठेवायची कशाला? बॉनेटखालीसुद्धा ठेवलं नाही. जितके जोड जास्त, तितक्या गळायच्या जागा जास्त. टी, जोडनिपल, गेज सगळं बिस्किटाच्या डब्यात घातलंय. गणपतीत येशील तेव्हा घेऊन जा.

मिस्त्रींना यातलं अजून काही बोललो नाही. परवा नाक्यावर भेटले, म्हणाले, "घाटात जाताय म्हणे परत. फडकं आहे ना गाडीत?"

म्हटलं, आहे.

तुझाच,
अर्धं बिल भरणारा