हल्ले नंतरचे, मुदत आधीची

महोदय,

काबूलच्या शोर बाजारातील गुरुद्वारावर २५ मार्च २०२० रोजी हल्ला झाला आणि २५ जण मारले गेले. त्याआधी २०१८ मध्ये जलालाबाद शहरात शिखांवर, नंतर २०२२ मध्ये काबूलच्याच कार्ते परवान गुरुद्वारावर हल्ला झाला. जीव मुठीत घेऊन आलेली अनेक अफगाण शीख कुटुंबे दिल्लीच्या टिळक नगर परिसरात राहतात. पण नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली नागरिकत्व मिळण्यासाठी भारतात येण्याची मुदत ३१ डिसेंबर २०१४! म्हणजे हे तिन्ही हल्ले त्या तारखेनंतरचे. केंद्राने २०२५ मध्ये, २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना कागदपत्रांविना राहण्याची सवलत दिली, हे बरे केले. त्यातून नागरिकत्व मात्र मिळत नाही. कित्येकांनी पुढे कॅनडा गाठला, यात नवल ते काय? संसदेने ही मुदत पुढे न्यावी.

– एक वाचक, नांदेड