ग्रंथसंग्रहालयातल्या ताईंना, बाबांच्या वतीने

ताई, तुमचं नाव माहीत आहे पण इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडेल की नाही कोण जाणे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात संदर्भाच्या टेबलावर तुम्ही होतात आणि आम्ही बेलापूरहून आलो होतो, मी आणि माझे बाबा. टोपी घातलेले, मोठ्याने बोलणारे, तेच. आठवले असतील.

बाबांचं प्रकरण थोडक्यात सांगते. आजोबा मिठागरात कामाला होते, बाबांचं लहानपण तिथेच गेलं. मग सातवीनंतर शाळा सुटली, 1970 ला सिडको आली, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, पंच्याण्णव गावांच्या जमिनी गेल्या, बाबा ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. आता नातू विचारतो की आबा, आपल्या इथे मीठ पिकायचं म्हणजे कसं, आणि बाहेर बघावं तर टॉवर. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात बसलं की हे कुठेतरी लिहिलेलं असणारच, ते शोधायचं.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही कुठे कुठे गेलो ते नावं न घेता सांगते. एका ठिकाणी वॉचमननेच विचारलं, रिसर्च स्कॉलर आहात का, लेटरहेड आणलंय का. दुसऱ्या ठिकाणी पुस्तक होतं पण कपाटाची चावी साहेबांकडे आणि साहेब रजेवर, आणि साहेब कधी येणार हे सांगायलाही कुणी मान वर केली नाही. अजून एका जागी एक मुलगा बाबांकडे न बघता मला म्हणाला, आजोबांना काय वाचायचंय, पेपर तिकडे ठेवलेत. बाबा काही बोलले नाहीत. एरवी रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून अर्धा तास भांडणारा माणूस, पण पुस्तकांच्या जागी गेला की आवाजच जातो त्यांचा, हे मला त्या दिवसांत कळलं आणि फार राग आला.

म्हणून तुमच्याकडे येताना मी आधीच भांडायच्या तयारीत होते, खरं सांगते. तुम्ही काही विचारलंच नाहीत, फक्त म्हणालात बसा, पाणी तिकडे आहे. मग मुंबई इलाख्याचं ते जुनं गॅझेटिअर काढलंत, इंग्रज सरकारने जिल्ह्याजिल्ह्याची माहिती लिहून ठेवलेलं, तेरावा खंड, ठाणे जिल्ह्याचा, 1882 चा. सगळं इंग्रजीत. मला वाटलं आता मलाच भाषांतर करत बसावं लागणार, तर तुम्ही खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसलात आणि मिठागराचा भाग एकेक वाक्य मराठीत सांगायला लागलात. उधाणाचं पाणी आत कसं घ्यायचं, ते आधी बाहेरच्या मोठ्या खाचरात तापत ठेवायचं, मग आतल्या कोंड्यांत सोडायचं, कोंडीची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, पाऊस यायच्या आत मीठ काढून ढीग शाकारायचे.

आणि मग तुम्ही थांबलात आणि बाबांना विचारलंत, "काका, हे बरोबर लिहिलंय का हो? तुम्ही सांगा."

ताई, मी हे पत्र फक्त त्या एका वाक्यासाठी लिहितेय. बाबांना आजवर कुठल्याही ऑफिसात, बँकेत, शाळेत कुणी हे विचारलेलं नाही. सही कुठे करायची ते सांगतात, रांग कुठे आहे ते सांगतात. साहेबाने दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं पुस्तक समोर उघडं आणि ते बरोबर आहे का हे सातवी शिकलेल्या माणसाला विचारायचं! बाबांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "बरोबर हाय, पन अर्धाच लिवलाय." आणि मग जे सुरू झाले ते थांबेचनात. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुणी आणि कधी उचलायची, बांध फुटला की रात्री अख्खं गाव कसं धावायचं, तळपायाला पडलेल्या भेगांत मीठ गेलं की माणूस कसा नाचतो. तुम्ही पेन्सिलने पाठकोऱ्या कागदांवर उतरवून घेत होतात, मध्येच शब्द परत विचारत होतात. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेवाली मुलं बसली होती, बाबांचा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे, पण एकानेही शू केलं नाही, दोघं तर मान वळवून ऐकत होते.

निघताना तुम्ही सहज सांगितलंत की ही संस्था 1 जून 1893 ला सुरू झाली आणि सुरू करणाऱ्यांतले विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम एकविशीत होते, पुढे त्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिला आणि धंदा केला तो मिठाचा. झालं. ट्रेनमध्ये बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं की ठाण्याची लायब्ररी मीठवाल्याने काढलीय. माझी काय टाप चूक काढायची, आणि चूक तरी कुठे होती म्हणा.

मी घरी येऊन जरा वाचलं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे 1967 चा, अ ब क ड असे वर्ग, त्यावर अनुदान, आणि ते अनुदान 2012 नंतर वाढायला 2022 उजाडलं. एवढ्या वर्षांत वडापाव किती वेळा महागला. त्यातूनच पुस्तकं घ्यायची, पगार द्यायचे, जुन्या कागदाला वाळवीपासून सांभाळायचं. तुमचा पगार मी विचारणार नाही, पण चावी घेऊन रजेवर गेलेल्या साहेबांपेक्षा कमी असणार याची मला खात्री आहे. माणसाशी नीट वागायला पगार लागत नाही हे आम्ही म्हणायचं, तुम्ही मात्र वाढ मागा आणि भांडून मागा, आम्ही सह्या करू.

बाबांनी आता वही घातलीय. उघाडीचं चित्र काढलंय, ते त्यांना पटत नाहीये, फळी तिरकी आलीय म्हणतात. नीट झालं की तुम्हाला दाखवायला आणणार आहेत, तुमच्या त्या कागदांसोबत ठेवायला. आणि आईचा निरोप आहे की एखाद्या रविवारी बेलापूरला जेवायला या, तांदळाची भाकरी आणि निवटीचं कालवण करते. मासे खात नसाल तर आधी कळवा, तिला वालाचं बिरडं भिजत घालावं लागेल.