वयाची नव्हे, वादनाची समीक्षा हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशांतील उन्हाळी संगीत महोत्सवांवरील लेख वाचला. ‘रोलिंग स्टोन्स’सारखा १९६२ मध्ये स्थापन झालेला रॉक बँड लंडनच्या हाइड पार्कमध्ये पुन्हा वाजवायला आला, याची दखल लेखात घेतली आहे; परंतु सारा भर कलावंतांच्या वयावर आणि सुरकुत्यांवर असून ते वाजले कसे, याविषयी एक ओळही नाही. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी अखेरच्या काळात ज्या नाशकात वास्तव्य केले, तेथील वाचकाला ही उणीव खटकते. २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात ८५ वर्षांचे पं. भीमसेन जोशी गायला बसले, तेव्हा रसिकांनी कान दिला तो गाण्याला. रॉकच्या वाट्याला हा न्याय का येऊ नये?

५ जुलै १९६९ रोजी याच हाइड पार्कमध्ये या बँडने विनामूल्य कार्यक्रम केला होता. बँडचा एक संस्थापक, गिटारवादक ब्रायन जोन्सचे निधन होऊन दोनच दिवस झाले होते, मिक टेलर हा नवा गिटारवादक त्यांच्यासह प्रथमच जाहीर कार्यक्रमात उभा होता आणि गायक मिक जॅगरने इंग्रज कवी शेलेच्या काव्यपंक्ती वाचून श्रद्धांजली वाहिली. प्रसंग हृद्य होता. तरीही त्याचे चित्रण आज ऐकताना गिटारी सुरात नीट जुळलेल्या नाहीत, हे लपत नाही. २०१३ मध्ये तेथे परतलेला बँड त्याहून कितीतरी बांधीव वाजतो. ऐन तारुण्यात जे साधले नाही ते सत्तरीच्या आसपास साधले, हा माझ्या मते लेखाचा खरा विषय होता.

ड्रमवादक चार्ली वॉट्स स्नेअरवर (ठोक्याच्या मुख्य ड्रमवर) आघात करताना उजवा हात हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचलून घेत असे, त्यामुळे तो ठोका मोकळा आणि स्वच्छ ऐकू येई. कीथ रिचर्ड्स अनेक गाण्यांसाठी गिटारची सर्वांत जाड तार काढून केवळ पाच तारांवर वाजवतो आणि बँडची लय त्याच्या गिटारीमागून चालते. वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेला. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डनला घेऊन बँड हाइड पार्कमध्ये आला, तेव्हा ही लय टिकली का, हे समीक्षकाने सांगायला हवे. जॉर्डनचा हात मला जड वाटतो, त्याने गाण्यांना जोर आला पण जुना सैलपणा थोडा गेला. हे मत सर्वांना पटेल असे नाही. वाद घालायचा तर तो मात्र यावर घालावा.

गिटार आणि ड्रम शिकणारी मुले आज नाशकातही आहेत व त्यांच्या घरी आपले वृत्तपत्र येते. यापुढे अशा महोत्सवाचा वृत्तान्त देताना निदान एका गाण्याचे वादन तरी उलगडून सांगावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक