२०७ विकली, आता पुढचं तू बोल

नंदू,

शिव्या देऊन झाल्या असतील तर वाच. तुझे मिस्ड कॉल सगळे बघितले, मुद्दाम उचलले नाहीत, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, अर्ध्या मिनिटात "बोलेरो घे अन् मोकळा हो" म्हणून फोन ठेवशील, आणि या वेळी मला पूर्ण बोलायचंय. तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे. आई बरी आहे, तुझी चौकशी करत असते.

तर बातमी अशी की आपली जुनी टाटा २०७ पिकअप विकली.

दुसऱ्या कोणाला सांगितलं तर "बरं झालं, भंगार गेलं" म्हणतात. आमच्या हिला तर अंगणातला ऑइलचा डाग आता वाढणार नाही याचाच आनंद. घेणारा यावलकडचा, वीटभट्टीवाला, माणूस तसा बरा. चावी देताना मी त्याला डिझेलच्या नळीतली हवा काढायची रीत दाखवायला लागलो, म्हणजे डिझेल संपून गाडी बंद पडली की फिल्टरवरचा बोल्ट अर्धा ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचा, फेस येतो तोवर थांबायचं नाही, सलग डिझेल आलं की दाबत दाबतच बोल्ट आवळायचा. तर तो म्हणे, "राहू द्या ना भाऊ, मेकॅनिकला फोन करू." ऐकून मन उडालं भो. तापीच्या पुलावर रात्री दोन वाजता कोणत्या मेकॅनिकला फोन केला होता आपण? तू टॉर्च तोंडात धरून लाळ गाळत होतास आणि पांडू मागे केळीवर घोरत होता.

असो. गाडी गेली, आणि केळीचा हंगाम तोंडावर आलाय. आता घ्यायची कोणती हा प्रश्न डोक्यात असा बसलाय की जेवताना पण तेच, झोपताना पण तेच.

भूषणनं मोबाईलवर तक्ता बनवलाय, रंगबिरंगी. तीन नावं काढलीत: बोलेरो मॅक्स पिकअप एचडी २.०, टाटाची योद्धा २.० आणि लेलँडचा बडा दोस्त आय-४. आता बघ, बोलेरोची पासिंग, म्हणजे कागदावर जेवढा माल न्यायची परवानगी, २ टन, योद्धाची पण २ टन, बडा दोस्तची १,८६० किलो. बोलेरोला अडीच लिटरचं इंजिन आणि ८० एचपी, योद्धाला २.२ लिटर पण १०० एचपी आणि टॉर्क २५०, बडा दोस्तला दीड लिटरचं तीन सिलिंडर, तेही ८० एचपीच देतं. बोलेरोची बॉडी १० फूट. तक्त्यात हिरव्या रंगाची घरं जास्त योद्धाची, पण भूषणला हवी बोलेरो, म्हणून मग त्यानं खाली "रिसेल" नावाची एक ओळ वाढवली आणि तिला दोनदा मार्क दिले. पोरगं तुझ्याच वळणावर गेलंय, निकाल आधी ठरवायचा आणि हिशोब मागून.

मी त्याला एकच विचारलं, या तक्त्यात केळी कुठंय?

कारण तुला माहितीय, आपली गाडी टनात भरत नाही, थरात भरते. पंचवीस किलोचा घड धर, दोन-तीन थर लावले की वरच्याच्या वजनानं खालच्या फण्या दबायला लागतात, मग २ टनाची गाडी असो की ३ टनाची, माल टन-सव्वाटनाच्या वर जातच नाही. आणि २ टनाची गाडी म्हणजे काय तर मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, २ टनासाठी बनवलेले. जाड, ताठ, वरून हेल्पर पाटा. पूर्ण भरली की ते पाटे वाकतात, हेल्पर टेकतो, गाडी डुलत डुलत झकास चालते. पण अर्धी भरलेली असली की पाटे वाकायलाच तयार नसतात, मग शेतरस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सरळ मालाला. घाव लागला तरी त्या दिवशी सालीला काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळा चट्टा उमटतो आणि व्यापारी बोट ठेवून भाव पाडतो. म्हणजे माझं म्हणणं असं की शोरूमवाला ज्या आकड्याचा एवढा डांगोरा पिटतो ना, २ टन २ टन, तोच आपल्याला आडवा येतो. सिमेंट वाहायचं असेल तर घ्या की २ टनाची.

हे मी भूषणला सांगितलं तर म्हणतो, पप्पा तुम्ही जास्त विचार करता. तुझी वहिनी म्हणते, गाडीच घेऊ नका, भाड्यानं लावा. दोघांचंही चूक नाही म्हणा, पण हंगामात भाड्याची गाडी म्हणजे आपण बांधावर आणि गाडी दुसऱ्याच्या मळ्यात, हे तिला कोण सांगणार.

मधेच एक गंमत. आपला चेतन, मास्तरांचा, टेक्सासला असतो ना, त्यानं फोर्डची एफ-१५० घेतली. फोटो पाठवला, गाडी कसली, आमच्या गोठ्यात शिरायची नाही. जवळपास सहा मीटर लांब, इंजिन ४०० एचपीचं. मी म्हटलं माल किती नेते? तर ड्रायव्हरच्या दाराच्या आत एक पट्टी चिकटवलेली असते म्हणे, त्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या गाडीवर १,६०० पौंड आहे. हिशोब केला, सव्वासातशे किलो! आणि त्यात आत बसलेली माणसं पण धरायची! मागची बॉडी साडेपाच फूट. म्हटलं अरे, एवढ्यात आपला पांडू आणि त्याची सासुरवाडी बसली की गाडी फुल्ल. चेतनला राग आला. म्हणे काका, ही ओढायला असते, पाठीवर न्यायला नाही, मागे ट्रेलर लावला तर नीट कॉन्फिगर केलेली गाडी सहा टन ओढते. ते मात्र मानलं.

पण मग मी त्याला तासभर सोडला नाही. तिकडे पण आपल्यासारखंच आहे बघ, फोर्डवाले, शेव्हीवाले म्हणजे शेवरोलेवाले, रॅमवाले, टोयोटाची टुंड्रा घेणारे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. फोर्डची एफ-सिरीज तर १९७७ पासून तिथं ट्रकमध्ये एक नंबर खपते, आपल्याकडे बोलेरोचं आहे तसंच, "सगळे घेतात म्हणून घेतली" हेच निम्म्या लोकांचं कारण असणार. डिझेल विचारलं तर फोर्डनं एफ-१५० मधलं डिझेल २०२१ नंतर बंद केलं, रॅम १५०० मधलं २०२३ ला गेलं, आता त्या साईजमध्ये शेव्हीची सिल्व्हराडो आणि तिची जुळी बहीण जीएमसी सिएरा, एवढ्यांनाच तीन लिटरचं डिझेल. मी तिथं असतो तर डोळे मिटून सिल्व्हराडो. पण खरी मजा पुढे आहे. रॅम १५०० ला मागे पाटेच नाहीत! २००९ पासून वेटोळ्याची कॉईल स्प्रिंग, आणि टुंड्राला पण २०२२ पासून. फोर्ड आणि शेव्हीला मागे अजून पाटेच. चेतन म्हणे रॅम चालायला कारसारखी मऊ, माल भरला की ढुंगण टेकते असं फोर्डवाले चिडवतात. म्हणजे जगातले एवढे मोठे इंजिनियर ज्या गोष्टीवर भांडतात ती आपल्या सावद्याच्या बांधावरचीच गोष्ट आहे, रिकाम्याला मऊ पाहिजे की भरल्याला ताठ. केळीला रॅम बेस्ट, फक्त सव्वासातशे किलोत धंदा होत नाही आणि ती मिळते डॅलसला.

बरं. मग मी ट्रायल घ्यायची ठरवली. शोरूमचा पोरगा रिकामी गाडी हायवेवर नेऊन आणतो, एसीचं बटन दाखवतो, माल भरून बघू म्हटलं की कंपनी अलाउ करत नाही. म्हणून गावातल्याच तिघांच्या गाड्या धरल्या. आपल्या मळ्यातून फैजपूर रोडपर्यंत तोच रस्ता, सारखाच माल, प्रत्येक गाडीत खालच्या थरात मागच्या चाकाच्या बरोबर वर एक घड ठेवला आणि त्याला सुतळी बांधून खूण केली. दुसऱ्या दिवशी तिन्ही घड ओसरीवर मांडून मी चष्मा लावून फणी फणी बघत बसलो, आई म्हणे याला काय झालं.

बडा दोस्तमधल्या घडाला सगळ्यात कमी चट्टे. मी खूश, लगेच ठरवून टाकलं. मग संध्याकाळी त्याचा ड्रायव्हर भेटला, तो म्हणतो मी मागच्या टायरात हवा कमीच ठेवतो केळी असली की. आणि बोलेरोवाल्यानं आदल्याच दिवशी मका भरली होती, त्याची हवा फुल्ल! म्हणजे मी गाडी तपासली की हवा, कळेना. योद्धाचा घड मधला निघाला, पण ती गाडी चालवत होता पांडूचा भाऊ, तो ब्रेक कशाला म्हणतात ते विसरलेला माणूस, त्याच्या हातात मधला नंबर म्हणजे पहिलाच धर.

चालवायला विचारशील तर योद्धा मला आवडली. पाल घाटाच्या चढाला तिसऱ्यातून खाली यावंसं वाटत नाही, २०७ च्याच खानदानातली, बसल्यावर ओळखीचं वाटतं. (हसू नको.) बडा दोस्तचं नाक आखूड, गल्लीत वळायला आणि बांधावर रिव्हर्स घ्यायला सोपी, नजर चारी बाजूंनी जाते, उभी असली की तीन सिलिंडरची थरथर सीटला लागते तेवढीच. बोलेरोचं काय सांगायचं, ती बंद पडली तर रावेर ते चोपडा कोणत्याही टपरीवर पार्ट मिळतो, विकायला काढली तर पेढे वाटायच्या आत गिऱ्हाईक दारात. आणि काळ्या मातीत पाऊस पडल्यावर मात्र तिन्ही सारख्याच, रिकाम्या असल्या की मागची चाकं जागेवर फिरतात, ट्रॅक्टर बोलवा. फोरव्हील बोलेरो मिळते, पण वर्षातल्या दोन महिन्यांच्या चिखलासाठी तेवढे पैसे घालवणं माझ्या जिवावर येतं.

हां, आणि तू लगेच म्हणशील की "मी तेव्हाच बोलेरो सांगत होतो." नाही. तेव्हा २०७ च बरोबर होती, आजही म्हणतो. तुझी ती सेकंडहँड बोलेरो कॅम्पर घेतली असती तर मुक्ताईनगरच्या यात्रेपर्यंत टिकली नसती. भुसावळच्या ढाब्यावर याच विषयावर भांडून तू शेवभाजी अर्धी टाकून उठला होतास, बिल मी दिलंय, लक्षात आहे माझ्या.

तुझं काय चाललंय? गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, उधन्याचं घर रिकामं केलं का, पिंकीच्या स्थळाचं पुढं काय झालं. वहिनींना नमस्कार. थंडीत भरीत खायला आलाच नाहीस, वांगी वाट बघून सुकली.

आता कामाचं. तुझा मेव्हणा सुरत मार्केटला योद्धा लावतो ना, त्याला नीट विचार: अर्ध्या लोडवर मागून किती उडते, त्यानं पाटा काढून बघितलाय का एखादा, काढला तर पासिंगला आणि इन्शुरन्सला काही भानगड होते का, आणि क्लच किती किलोमीटरला गेला. "चांगली आहे" असं सांगितलं तर ऐकू नको, तो स्वतःच्या वस्तूला कधी वाईट म्हणत नाही, त्याच्या ड्रायव्हरलाच विचार. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे भाव आधीपेक्षा बरे आहेत, पण भूषण रोज सकाळी बोलेरोच्या शोरूमला फोन लावतो, मी फार दिवस अडवून धरू शकत नाही. सोमवारच्या आत सांग. आणि या वेळी फोन केलास तर आधी ड्रायव्हरनं काय सांगितलं ते बोलायचं, तुझं मत मागून.

तुझा,
सुरेश