तुझे ठोके आणि आजीचे ठोके

कोल्हापूर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

"आजीसारखंच मलाही होणार का गं?" असं तू फोनवर विचारलंस तेव्हा ईसीजीच्या खोलीबाहेर रांग लागली होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. तुझं आणि आजीचं हृदयाच्या ठोक्यांचं दुखणं एक नाही, आणि का नाही हे तुला कळायलाच हवं.

तुझी ईसीजीची पट्टी मी नीट पाहिली. एक ठोका वेळेआधी आलाय, मग जरा लांब थांबा, मग पुन्हा नेहमीची चाल. वेळेआधीच्या ठोक्यात हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो नाडीवर बोटाला लागत नाही आणि ठोका चुकला असं वाटतं. पुढच्या थांब्यात रक्त जास्त साठतं, त्यामुळे त्यानंतरचा ठोका जोरात बसतो. तुझ्या छातीत धस्स होतं ते त्यानं.

ठोक्याची सुरुवात होते उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या गाठीत. तिचा शोध आर्थर किथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी 1907 साली जाहीर केला. फ्लॅक त्या काळात तुझ्यासारखाच शिकत होता. ही गाठ विश्रांतीत मिनिटाला 60 ते 100 वेळा विजेचा इशारा देते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये दुसरी गाठ आहे, ती इशारा सेकंदाचा साधारण दहावा भाग अडवून धरते, तेवढ्यात खालचे कप्पे भरतात. वरची गाठ थकली तर ही दुसरी 40 ते 60 च्या गतीने काम सांभाळते. म्हणजे इशारा देण्याची शक्ती एकाच जागी नाही, आणि बिघाडाला वाव मिळतो तोही इथेच. जागरण, चहा-कॉफीचा मारा, ते एनर्जी ड्रिंक, ताप, जुलाबात कमी झालेलं पोटॅशियम, वाढलेला थायरॉईड यांनी भलत्याच जागच्या पेशी चेतवल्या जातात आणि मधेच ठोका टाकतात. परीक्षेच्या आठवड्यात तुझं काय चाललं होतं ते तूच आठव.

दुसरा बिघाड त्या इशाऱ्याच्या वाटेचा. एक वाट अजून विसाव्यात असताना विजेची लाट शेजारच्या वाटेने खाली उतरते, तोवर पहिली मोकळी झाली तर तिथून उलटी वर चढते. मग ती रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्यासारखी फिरतच राहते, आणि फेरीगणिक एक ठोका पडतो. जॉर्ज माइन्स यांनी 1913 मध्ये हृदयाच्या स्नायूच्या कड्यात अशी फिरती लाट दाखवली होती. ही धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते, मिनिटाला 150 च्या वर जाते आणि तशीच अचानक थांबते. तुझ्या बाबतीत असं झालेलं नाही.

आता आजीचं. लहानपणी तिचा घसा सुजला, ताप आला, सांधे धरले. तो संधिवाताचा ताप होता, आणि गावात तेव्हा कुणी तो ओळखला नाही. त्यात हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आखडली. अरुंद झडपेमागे रक्त तुंबून वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणला गेला, त्याच्या भिंतीत व्रण झाले, आणि आता तिथे एक लाट न राहता अनेक लाटा सैरावैरा धावतात. कप्पा नुसता थरथरतो. म्हणून तिच्या नाडीला कसलाही ताल सापडत नाही. खरी भीती त्या थरथरीत साचणाऱ्या रक्ताची आहे: गुठळी झाली आणि मेंदूत गेली तर पक्षाघात. त्यासाठीच तिची रक्त पातळ करणारी गोळी, ठरल्या वेळी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी), आणि पालेभाजी एकदम बंद नाही की एकदम जास्त नाही हा माझा आग्रह. तुझी झडप सोनोग्राफीत चांगली आहे, ओंकार.

आपल्या तालमीतली पोरं ईसीजीला येतात तेव्हा मशीन 'गती कमी' असं छापतं आणि बरोबरचे घाबरतात. रोज मेहनत करणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्याला 50 ठोके पुरतात. पण त्याच पोराला धावताना किंवा झोंबताना चक्कर येऊन तो पडला, किंवा घरात कुणी तरणंताठं अचानक गेलं असेल, तर मी त्याला डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सोडत नाही. तुलाही तसं काही झालं तर व्यायाम तिथेच थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला तर 108 ला फोन. मला नंतर कर.

दुकानातून आपल्या मनानं अँटिबायोटिक आणू नकोस, काही गोळ्यांनी हृदयाची वीज पूर्ववत व्हायला उशीर लागतो आणि त्यातून धोक्याचा ताल सुरू होऊ शकतो.

धडधड होईल तेव्हा मनगटावर बोटं ठेवून ठोके मोज. किती वेळ टिकली, कशी सुरू झाली, आधी काय खाल्लं-प्यालं होतंस, सगळं वहीत टिपून ठेव. आमची पट्टी काही सेकंदांचीच असते, त्या वेळी गडबड नसेल तर ती साफ येते. म्हणून डॉक्टरांनी होल्टर, म्हणजे ठोके सतत टिपणारं छोटं यंत्र, सांगितलंय. ते यंत्र 24 तास अंगावर राहील, तेव्हा आंघोळ आदल्या दिवशीच उरकून घे, बाकी रोजच्यासारखंच वाग, कॉलेजला जा, जिना चढ. रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि थायरॉईडची तपासणी राहिलीय ती त्याच फेरीत करून टाक.

तुझी,
आई