झाकणाच्या आतल्या चिठ्ठीबद्दल, काका, तुमचे आभार

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, लॅमिंग्टन रोडवरच्या काकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. आमच्या वाचनालयाच्या डेल ऑप्टिप्लेक्स ७०५० या संगणकात तुम्ही जास्तीचे ड्राइव्ह बसवून दिलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की तुमच्याआधी ज्यांनी त्या डब्याला हात लावला त्यांचे प्रतापही चारचौघांत सांगायला हवेत. त्यांचीही नावं लिहीत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. हा एसएफएफ, म्हणजे छोट्या आकाराचा डबा २९ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम सव्वानऊ सेंटिमीटर जाड. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले असे डबे स्वस्तात मिळतात, चालतातही वर्षानुवर्षं. आत जागा एक तर एका ३.५ इंची हार्ड डिस्कची, नाही तर दोन २.५ इंची ड्राइव्हची. सोबत एक चपटा डीव्हीडी ड्राइव्ह आणि मदरबोर्डावर एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या ड्राइव्हची, एक खाच. पॉवर सप्लाय १८० वॅटचा. खरी गोम पुढे आहे. साध्या कॅबिनेटसारख्या साटा पॉवरच्या (साटा म्हणजे ड्राइव्ह जोडायची नेहमीची पद्धत) वायरी सप्लायमधून येतच नाहीत. सप्लाय बोर्डाला जोडलेला, आणि ड्राइव्हची वीज बोर्डावरच्या एका छोट्या कनेक्टरमधून निघते.

जागा लागते ती जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनला. ए४ आकाराचं एक पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं की कॉम्प्रेस न केलेली फाइल शंभर एमबीच्या घरात जाते. दोनशे पानी अंक म्हणजे २० जीबी. ४ टीबीत असे दोनेकशे अंक मावतात, बस्स.

पहिल्या दुकानाने काय केलं? डीव्हीडी ड्राइव्ह काढला, त्याच्या पॉवरच्या तोंडाला एक अडॅप्टर लावला आणि त्यावर ३.५ इंची हार्ड डिस्क जोडली. ती फिरेना. निदान तयारच होतं: "डिस्क गेली, डेटा रिकव्हरीला द्या." तिच्यात स्कॅन होते, हे ऐकल्यावर रिकव्हरीचा आकडा आणखी वाढला.

तुम्ही ती डिस्क हातात घेतलीत, आधी कानाशी हलवून पाहिलीत आणि टेबलावरच्या सुट्या पॉवर सप्लायला लावलीत. ती लगेच फिरली. चपट्या डीव्हीडी ड्राइव्हच्या पॉवर कनेक्टरला सहाच पिना असतात आणि त्यात फक्त ५ व्होल्ट येतो. ३.५ इंची डिस्कचं सर्किट ५ वर चालतं, पण मोटर १२ वर. अडॅप्टरचं दुसरं तोंड पंधरा पिनांचं दिसत असलं, तरी १२ व्होल्टच्या जागी आत वायरच नव्हती. डिस्क फिरणार कशी?

न फिरणारा ड्राइव्ह मेलेलाच असतो असं नाही, हे तुम्ही तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही समजावलंत. त्याच्या हातात डेटा सेंटरमधून निघालेली मोठी डिस्क होती, तीही फिरत नव्हती. तिची तऱ्हा उलटी. २०१६ च्या साटा ३.३ मानकाने पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं. तिथे ३.३ व्होल्ट मिळत राहिला की डिस्क बंदच राहते. जुने सप्लाय तो इमानेइतबारे देत राहतात. तुम्ही डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (वीज न जाऊ देणाऱ्या पातळ टेपची) बारीक पट्टी चिकटवलीत आणि डिस्क सुरू झाली. त्याच्याकडून घेतलं काय, तर टेपसुद्धा फुकट.

खरं कौतुक मात्र तुमच्या नकाराचं. दोन ३.५ इंची डिस्का याच डब्यात हव्यात, असा आमचा आग्रह होता. तुम्ही पुठ्ठ्याचा तुकडा १४७ बाय १०२ मिलिमीटर कापलात, २६ मिलिमीटर जाडीचा ठोकळा केलात आणि कार्डांच्या रिकाम्या जागेवर धरून दाखवलात. ओढूनताणून बसला असता. मग म्हणालात, बसेल, पण मी बसवणार नाही. ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपियरपर्यंत ओढते, म्हणजे एकेक २४ वॅट, आणि दोन्ही एकाच क्षणी. साटा पॉवरची पिन दीड अँपियरची, १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून साडेचार, त्यामुळे कागदावर गणित सुटतं. पण इथे वीज बोर्डावरच्या बारीक तांब्यातून येते, आणि ते एका डिस्कच्या हिशेबाने आखलेलं. डिस्क गेली तर डिस्क बदलता येते, बोर्ड जळला तर डबाच गेला.

त्याऐवजी तुम्ही सगळा भार ५ व्होल्टवर आणलात. ३.५ इंचीच्या जागी ४ टीबीच्या दोन २.५ इंची एसएसडी, म्हणजे न फिरणारे चिपवाले ड्राइव्ह, रेड-१ मध्ये: तोच डेटा दोन्हींवर एकदम लिहिला जातो. डीव्हीडीच्या जागी कॅडीत (त्या खाचेत बसणाऱ्या चौकटीत) १ टीबीची एसएसडी, ताज्या स्कॅनसाठी. एम.२ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम. आधीच्या दुकानाने नाचक्की केलेलं तेच सहा पिनांचं तोंड एसएसडीला पुरेपूर पुरतं, कारण तिला १२ व्होल्ट लागतच नाही. २.५ इंची हार्ड डिस्का स्वस्त पडल्या असत्या, पण ४-५ टीबीच्या त्या १५ मिलिमीटर जाड येतात, या ब्रॅकेटमध्ये मावत नाहीत. वर त्या एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या. रेडची जोडी पुन्हा भरायची वेळ आली की लिहिण्याचा वेग बसतो. जुनी ३.५ इंची डिस्क तुम्ही स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी डब्यात घालून दिलीत आणि बजावलंत की बॅकअप ही आहे, रेड नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड-१ मध्ये दोन्हीकडून पुसली जाते.

वीज वाटायला बाजारात सर्रास मिळणारा, प्लास्टिक ओतून बंद केलेला स्प्लिटर तुम्ही हातात घेऊन परत ठेवलात. त्यात वायरी आत एकमेकींजवळ सरकतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि तो वितळल्याची उदाहरणं थोडी नाहीत. पिना एकेक करून दाबून बसवलेला स्प्लिटर बरा. पण तुम्ही भंगारातल्या दुसऱ्या ऑप्टिप्लेक्समधून दोन तोंडांची मूळ केबल काढलीत आणि लावण्याआधी प्रत्येक पिन मल्टिमीटरवर तपासलीत. दिसायला सारख्या केबलींची पिनांची मांडणी मॉडेलगणिक बदलू शकते. लाल वायर म्हणजे ५ आणि पिवळी म्हणजे १२, एवढ्या भरवशावर तुम्ही राहिला नाहीत.

बाकीचं झरझर झालं. कॅडी ९.५ मिलिमीटरची, १२.७ ची या खाचेत शिरत नाही. २.५ इंचीला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू, आत फार तर ३ मिलिमीटर जाणारे. लांब स्क्रू आतल्या सर्किटला जाऊन टेकतो. ३.५ इंचीचे स्क्रू जाड आट्यांचे, ते २.५ इंचीत घुसवले की आटे मेलेच. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा "रेड ऑन" वर होतं, ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर केलंत, नाहीतर आमच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला एम.२ मधला ड्राइव्ह दिसत नाही. विंडोज असतं तर आधी सेफ मोड लावून मग हा बदल करावा लागला असता.

आणि दुसऱ्या दुकानाची गोष्ट राहिलीच. ही १ टीबीची एसएसडी तुमच्याकडे येण्याआधी अधूनमधून अडखळायची, तेव्हा त्यांनी ती "डिफेक्टिव्ह" ठरवून नवी विकायला काढली होती. तुम्ही स्मार्टचा तक्ता, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो ती नोंद, उघडलात. ५ आणि १९७ हे खराब जागा मोजणारे क्रमांक शून्य, आणि १९९ चढलेला. १९९ म्हणजे सीआरसीच्या, डेटा नीट पोचला का ते तपासताना सापडलेल्या चुका, डेटा वाटेतच बिघडतोय. दोष ड्राइव्हच्या आत असण्यापेक्षा केबलमध्ये असण्याची शक्यता कितीतरी जास्त. झाकणाखाली काटकोनात चेपलेली केबल काढलीत, आखूड आणि खिट्टीची लावलीत. तक्ता बघायला दोन मिनिटं लागतात, पण ती द्यायची इच्छा लागते.

आता चिठ्ठीबद्दल. झाकण लावण्याआधी तुम्ही आतल्या बाजूला मास्किंग टेप चिकटवलीत आणि पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्यात. प्रत्येक ड्राइव्हच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे, बोर्डावरचा पोर्ट, आणि जागा: "वरचा", "खालचा", "कॅडी". कुणी सांगितलं नव्हतं. बिलात त्याचा रुपया नाही.

या तीन ओळींची किंमत ज्याने रेड तुटलेलं पाहिलंय त्यालाच कळेल. लिनक्सने ड्राइव्हना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की अदलाबदल होऊ शकते. जोडीतला एक ड्राइव्ह मेला, संगणक म्हणतो "एसडीबी गेला", माणूस घाईत झाकण उघडतो आणि चांगला ड्राइव्ह उपसून काढतो. सिरीयल नंबर ड्राइव्हवर छापलेला असतो खरा, पण ब्रॅकेटमध्ये बसवल्यावर लेबल आत दडतं. म्हणून तो बसवण्याआधीच टिपून ठेवावा लागतो. तुम्ही ठेवलात.

आणि त्या टेपवर तुमचा मोबाइल नंबर नाही. आधीच्यांनी काम केलं नाही, पण स्क्रूवर "सील तोडल्यास वॉरंटी नाही" असं स्टिकर मात्र लावलं होतं, खाली ठळक फोन नंबर. तुमची चिठ्ठी पुढे जो कुणी झाकण उघडेल त्याच्यासाठी आहे, मग तो तुमच्या दुकानात येवो की समोरच्या. एवढा सरळपणा धंद्यात परवडतो का, असं लोक विचारतात. तुमच्याकडे गर्दी असते, एवढं मी पाहिलंय. ती सरळपणामुळे की भंगारातल्या केबलींमुळे, ते ठरवणं माझं काम नाही.

जुने स्क्रू, डीव्हीडी ड्राइव्ह आणि त्याची पट्टी तुम्ही एका पिशवीत घालून परत दिली होतीत. ती कपाटात जपून ठेवली आहे. निघताना तुम्ही म्हणाला होतात की उन्हाळ्यात तापमान आणि १९९ चा आकडा कळवा. भर मे महिन्यात, पंखा नसलेल्या खोलीत, जोडीतली वरची एसएसडी ४६ अंशांवर आणि खालची ४४ वर होती. वाढलेला १९९ पुन्हा शून्यावर येत नाही हे तुम्हीच सांगितलंत; तर तो केबल बदलताना जेवढा होता तेवढाच आहे.

आपला,
वाचनालयाचे स्कॅन सांभाळणारा