आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : भुकेवर परिणाम करणारी औषधे आणि पाळीची तारीख

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मेथिलफेनिडेट, टोपिरामेट यांसारख्या औषधांनी भूक मंदावते आणि ऑलान्झापिन, मिर्टाझापिन यांनी ती वाढते, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. परंतु औषध घेणाऱ्या स्त्रीची भूक मुळातच महिनाभर एकसारखी नसते, याचा विचार औषध लिहून देताना क्वचितच होतो. पाळीच्या चक्राच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत जाते आणि बीजमोचनाच्या, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडण्याच्या, सुमारास खाणे सहसा सर्वांत कमी असते. उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक चढते व भूक वाढते. डेक्स्ट्रोॲम्फेटामिन या उत्तेजक औषधाची तरतरी पूर्वार्धात अधिक जाणवते, असे अभ्यासांत दिसले आहे; भुकेबाबत मात्र असे थेट संशोधन फार थोडे आहे.

परिणामी, एकच गोळी बीजमोचनाच्या आसपास जेवण नकोसे करू शकते आणि पाळीपूर्वी निष्प्रभ झाल्यासारखी वाटू शकते. त्यातच पाळीआधी अनेकींच्या शरीरात पाणी साठून वजन थोडे वाढते. अशा वेळी केवळ वजनकाट्यावर विसंबून मात्रा बदलली, तर ती औषधाला नव्हे, तारखेला दिलेली प्रतिक्रिया ठरण्याची शक्यता असते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही स्त्रियांना हे अधिक जाचते, कारण उत्तरार्धात भुकेबरोबर इन्सुलिनची गरजही अनेकींमध्ये वाढते आणि पाळी सुरू होताच पुन्हा उतरते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1977 साली गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याचा सल्ला दिला आणि तो 1993 साली मागे घेतला. त्यामागे गर्भाच्या सुरक्षिततेची चिंता होती, हे मान्य. पण पाळीमुळे निष्कर्षांत गुंतागुंत होते, ही सबबही संशोधनात वर्षानुवर्षे चालत आली. चाचणीतून टाळलेली ही गुंतागुंत रुग्णाला काही टाळता येत नाही.

म्हणून विनंती अशी, की भूक अथवा वजनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत शेवटच्या पाळीची तारीख, चक्राची लांबी आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचा वापर नोंदवणे बंधनकारक करावे, कारण या गोळ्यांनी संप्रेरकांचा नैसर्गिक चढउतार दबतो. दुष्परिणामांच्या नोंदपत्रकातही हीच माहिती सक्तीने मागावी. स्त्रियांसाठी आजच वेगळी मात्रा ठरवा, असे माझे म्हणणे नाही. ती ठरवण्याजोगी माहिती तरी गोळा व्हावी.

कळावे,
आपली,
एक नागरिक